मांजराला डायबेटिस झालाय आणि घरी इन्सुलिन देताय? या चुका टाळा

आमच्या गुंड्याला, म्हणजे बोक्याला, नवव्या वर्षी डायबेटिस निघाला. पाणी ढसाढसा प्यायचा, शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूत लघवीचे एवढाले गोळे निघायचे, खाणं दुप्पट झालेलं आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. एकदा बाल्कनीत कोपऱ्यात लघवी केली आणि तासाभरात तिथे मुंग्यांची रांग लागली, ते बघून आई म्हणाली याला साखर असणार गं, डॉक्टरांकडे ने. तिचंच खरं निघालं. दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी १ युनिट ग्लार्जिन, हा इन्सुलिनचाच एक प्रकार, सुरू झालं. त्याला आता दीड वर्ष झालं, त्यात मी स्वतः केलेल्या आणि इतर मांजरवाल्यांकडून ऐकलेल्या चुका लिहितेय. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, हे धरूनच पुढचं वाचा.

सगळ्यात आधी सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची, आणि इन्सुलिनच्या बाटलीवरपण एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट की १०० युनिट ते लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. आमचं ग्लार्जिन १०० चं आहे. आमचं पहिलं पाकीट बरोबर होतं, दुसऱ्या वेळी मेडिकलमधून लाल टोपीच्या सिरिंज आल्या आणि मी बघितलंच नाही, सवयीने एका रेघेपर्यंत भरून सकाळी सातला टोचलं. ४० च्या सिरिंजच्या एका रेघेत १०० चं इन्सुलिन भरलं की अडीच युनिट जातात. साडेअकराच्या सुमाराला गुंड्या सोफ्याखालून बाहेर आला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर मोठ्या झालेल्या, हाक मारली तर माझ्याकडे बघेना. साखर मोजायचं मीटर लावलं तर ४१, म्हणजे धोक्याइतकी कमी. बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, पाच मिनिटांनी परत चोळला, जरा मान धरायला लागला तसं समोर खाणं ठेवलं आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे पळाले. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. तेव्हापासून नवीन पाकीट घरात आलं की आधी टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दोन जणांनी बघायचा, हा आमच्या घरचा नियम आहे.

मध, नाहीतर पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पावडर, कायम हाताशी ठेवा. फक्त फिट आलेली असेल किंवा मांजर शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं, बोट चावलं जाणार नाही असं बघून गालाच्या आतून थोडंसं चोळायचं आणि गाडी काढायची. आणि मधाने बरं वाटलं म्हणून निवांत बसायचं नाही, मधाचा असर थोडाच वेळ टिकतो, इन्सुलिनचा कितीतरी तास चालतो.

दुसरी चूक म्हणजे आकड्याच्या मागे धावणं. ही फार प्रेमळ माणसं करतात. सकाळी ३६० दिसलं की जीव खालीवर होतो आणि मनानेच अर्धा युनिट वाढवून देतात. असं करू नका हो. एखादा दिवस साखर ३५० राहिली, मांजर खातंपितंय, उलट्या नाहीत, तर त्या दिवसात काही बिघडत नाही, पण तीच ४० वर आली तर दुपारच्या दुपारी जीव जाऊ शकतो. शिवाय मांजर घाबरलं की त्याची साखर नुसत्या ताणानेच वर जाते, दवाखान्यात कुत्री भुंकत असताना काढलेला आकडा घरच्यापेक्षा कितीतरी जास्त येऊ शकतो. डोस बदलायचा तर कर्व बघून. म्हणजे एक अख्खा दिवस दर दोन तासांनी शुगर तपासायची आणि सगळ्यात खाली कुठे गेली ते बघायचं. साधारण ८० ते १५० च्या मधे तळ आला तर डोस बरोबर बसलाय असं डॉक्टर धरतात. तळ ६० असेल आणि सकाळी ३६० असेल तर डोस कमी करावा लागतो, वाढवायचा नसतो! हे मला समजायलाच दोन महिने लागले. आणि बदलला की पाच-सात दिवस त्याच डोसवर राहायचं, रोज खालीवर करायचं नाही.

माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बरेचदा असते त्यापेक्षा कमी दाखवतं. तरी चालतं, पण एकच मीटर कायम वापरा आणि कुठलं वापरताय ते डॉक्टरांना सांगा. नवीन असाल तर २०० च्या खाली रीडिंग आलं की सुई देण्याआधी फोन करा. कानाच्या कडेला टोचायचं असतं, कान गार असेल तर थेंबच येत नाही आणि मग आपण चार चार वेळा टोचतो, मांजर वैतागतं. मी मोज्यात तांदूळ भरून तव्यावर कोमट करते, आधी स्वतःच्या गालाला लावून बघते आणि मग अर्धा मिनिट कानाला धरते, पहिल्याच टोचणीत मोहरीएवढा थेंब येतो, तेवढा पुरतो. नंतर कापूस दाबून धरा नाहीतर कान काळानिळा होतो. लगेच चिकनचा एक तुकडा द्यायचा. आता मीटरची डबी वाजली की गुंड्या स्वतः येऊन बसतो.

सुई केसांतच गेली आणि औषध बाहेर सांडलं, हे सगळ्यांचंच होतं. बोट ओलं लागतं आणि दवाखान्यासारखा वास येतो. अशा वेळी परत देऊ नका. किती आत गेलं, किती बाहेर, ते कळत नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. घरात दोघं देत असाल आणि दिलं की नाही याची शंका आली तरी तेच. आम्ही फ्रीजवर कॅलेंडर लावलंय, सुई दिली की लगेच टिक. मानेवर एकाच जागी रोज टोचू नका, कुशीला, मांडीजवळ अशी जागा बदलत राहा.

इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरला चिकटून नाही, एकदा गोठलं की फेकून द्यायचं, दिसायला ठीक असलं तरी. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ झालं तर वापरू नका, आणि हलवायची गरज नसते. दुधी दिसणारी इन्सुलिनं मात्र मिसळावी लागतात, कशी ते आतल्या कागदावर असतं.

आता खाणं. कोरड्या खाण्यात पिठूळ भाग बराच असतो, ओल्या पाऊचमध्ये सहसा कमी, आणि खाणं बदललं की मांजराची इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना न सांगता एका दिवसात कोरडं बंद आणि ओलं सुरू असं करायचं नाही, डोस तोच राहिला तर शुगर धाडकन खाली येते. उलट बाजूने आजी गुपचूप दूधपोळी घालते, तिचंही प्रेमच असतं, पण मग आकडे का चढले ते आपल्याला कळत नाही. आजीला शिजवलेल्या चिकनचे तुकडे वेगळ्या डबीत काढून द्या, कांदा-लसूण न घातलेले, तिलाही समाधान. कारल्याचा रस, मेथीची पावडर किंवा आजोबांच्या शुगरच्या गोळ्या मांजराला अजिबात देऊ नका.

मांजर जेवलंच नाही तर पूर्ण डोस ठोकून देऊ नका, आधी फोन. पण आठवडाभर इन्सुलिन मनाने बंद ठेवणंही तितकंच वाईट, शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी घातक द्रव्यं, वाढतात. उलट्या, सुस्ती, खाणं बंद आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, असं असेल तर रात्र काढू नका, त्याच वेळी न्या. लघवीत कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. आणि डोस बरोबर असूनही साखर हलतच नसेल तर दात, लघवीचं इन्फेक्शन तपासून घ्या, खाजेसाठी कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का तेही आठवून सांगा.

गुंड्या आजारपणात मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून सशासारखा चालायचा, साखरेने नसांवर परिणाम होतो त्याने असं होतं. मला वाटलं पाय गेले. साखर ताब्यात आल्यावर तीनेक महिन्यांत टाचा हळूहळू उचलल्या. लवकर उपचार मिळाले तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतंही, तरी नंतर मीटर कपाटात टाकून देऊ नका, परत येऊ शकतं. आमचं सुटलेलं नाही, अर्ध्या युनिटवर आलंय. ओट्यावर अजून उडी बसत नाही त्याची, पण खुर्चीवरून खिडकीत जातो आणि सकाळी सातला कबुतरं बघत सुईची वाट बघतो.