लाकडाच्या अर्कातली साखर आम्लाने सुटी करताना

गोव्यात खाणींच्या डंपांवर अकेशिया भरपूर लावलेला आहे, त्याचा भुसा चालेल. हे झाड सूचिपर्णी नसल्याने भुसा दाबपात्रात 160 अंशांच्या पाण्यात तासभर शिजवला की निघणाऱ्या तपकिरी अर्कात मुख्यतः झायलनचे, म्हणजे झायलोज या साखरेच्या लांब साखळ्यांचे, तुकडे येतात. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) साखर सुट्या रूपातच मोजायची, तर या साखळ्या आधी तोडायला हव्यात.

अर्क गाळून 20 मिली घ्या आणि दाब सोसणाऱ्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओता. ढवळत ढवळत 72 टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल 0.7 मिली सोडा, म्हणजे आम्ल सुमारे 4 टक्के होते. हातमोजे आणि चष्मा हवाच. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने तापवणारे पात्र) 121 अंशांवर 1 तास ठेवा आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

खरी मेख पुढेच आहे. आम्ल साखर सुटी करते तशी तिचा नासही करते: झायलोजचे फरफुरल होते, कडू बदामासारखा वास येतो. वेळ वाढवली तर साखर घटते, कमी केली तर साखळ्या उरतात. म्हणून त्याच खेपेत शुद्ध झायलोज आणि ग्लुकोजचे माहीत प्रमाणाचे द्रावण तितक्याच आम्लासह ठेवा. 10 ग्रॅम प्रतिलिटर झायलोज 9.2 होऊन परतले, तर नमुन्याच्या झायलोजला 0.92 ने भागा. ही बाटली टाळून काढलेल्या आकड्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

थंड द्रावणात सुमारे 0.8 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चिमूटचिमूट टाका. एकदम टाकले की फेस उतू जातो. सामू (पीएच) 5 ते 6 झाला की थांबा. शिंपल्यांचा चुना हाताशी असला तरी वापरू नका, सामू झटकन वर जातो आणि अल्कलीत ग्लुकोजचे फ्रुक्टोज होऊ लागते. तयार झालेला जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तळाशी बसू द्या, वरचे द्रावण 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

आम्ल न घातलेला अर्कही मोजा; दोन्हींतला फरक ही साखळ्यांतली साखर. तिचे झायलन काढायला झायलोजला 0.88 ने गुणा, ग्लुकोजच्या साखळ्यांसाठी ग्लुकोजला 0.90 ने.

पावसाळ्यात भुसा हवेतले पाणी ओढतो. शिजवायच्या दिवशीच थोडा भुसा 105 अंशांवर वाळवून कोरडे वजन काढा, नाहीतर दर ग्रॅममागचे उत्पन्न कमी दिसेल.