रुग्णाच्या चित्रावरून निदान करताय? या चुका टाळा

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला चित्रकार लुई वेनची मांजरं कुठे ना कुठे भेटतातच. पहिलं मांजर गोंडस, दुसरं डोळे वटारलेलं, मग अंगभर काटेरी नक्षी आणि शेवटी मांजर दिसतच नाही, नुसते रंगीत आकार. खाली ओळ असते: स्किझोफ्रेनिया असा वाढत गेला. बघताक्षणी पटतं, आणि तिथेच घात होतो. या इंग्रज चित्रकाराच्या (१८६०–१९३९) त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. वॉल्टर मॅक्ले या मानसोपचारतज्ज्ञाला ती लंडनच्या एका दुकानात मिळाली. आजार जसा वाढत गेला असेल असं त्याला वाटलं, तशी ती ओळीने लावली गेली. १९२४ मध्ये वेनची रवानगी मनोरुग्णालयात झाली, पण नेहमीची मिश्कील मांजरं तो त्यानंतरही काढत होता. नक्षीचं म्हणाल तर त्याचे वडील कापडाच्या धंद्यातले, ती तिथूनही आली असेल. त्याला स्किझोफ्रेनियाच होता का, यावरही वाद आहे.

म्हणून चित्र हातात आलं की आधी मागे तारीख टाका. सांगून काढलं की आपणहून, कोणते रंग समोर होते, कोणती औषधं चालू होती, तेही लिहा. औषधांचं विशेष. लिथियमने हात थरथरतो. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने हालचाल मंदावते, अक्षर बारीक होऊ शकतं. कोपऱ्यातलं चिमुकलं चित्र पाहून ‘नैराश्य’ लिहिण्याआधी रुग्णाचा हात बघा. चष्मा घातला होता का, तेही विचारा.

दुसरी चूक जास्त चिवट आहे: ठरीव अर्थ. मोठे डोळे काढले की माणूस संशयी! १९६७ मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना चित्रं आणि लक्षणं अशा जोड्या दाखवल्या, ज्यांत काहीच संबंध ठेवलेला नव्हता. तरी विद्यार्थ्यांना डोळे आणि संशय यांचं नातं ‘सापडलं’, अगदी अनुभवी तज्ज्ञांना सापडायचं तसंच. तेव्हा अर्थ आपण लावू नये. “यात काय चाललंय?” असं विचारावं आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवावं.

मग चित्राचा उपयोग काय? तुलनेसाठी, भरपूर. झाडावरून सफरचंद तोडणारा माणूस काढायला सांगायची एक पद्धत आहे. तिच्यात प्रतीकं शोधत नाहीत. रंग किती वापरले, जागा किती भरली, चित्र एकसंध आहे का, याला गुण देतात. एकाच रुग्णाची दाखल होतानाची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली की बदल दिसू शकतो. निदान मात्र मुलाखत आणि घरच्यांकडून मिळालेली माहिती यांवरच ठरवा.

स्मृतिभ्रंश तपासायला घड्याळाचं चित्र काढायला सांगतात, ती चाचणी उपयोगी आहे. पण शाळेची पायरी न चढलेल्या आजींच्या हातात पेन्सिल देऊन गुण कापू नका.

आणि चित्राचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. चित्र शिकवायला वापरायचं असेल तर आधी लेखी संमती घ्या, नाव झाका.