पडद्यावर खंडणीची चिठ्ठी उमटण्याआधी आणि उमटल्यावर: लहान सार्वजनिक कार्यालयांसाठी मार्गदर्शिका

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, तळमजल्यावरची कित्येक दप्तरे चिखलात गेली, आणि त्यानंतर नदीकाठच्या अनेक कार्यालयांनी संगणक व नोंदवह्या वरच्या मजल्यावर हलवल्या. रॅन्समवेअरला अशी मोजपट्टी नाही. फायली कुलूपबंद करून चावीच्या बदल्यात खंडणी मागणारे हे सॉफ्टवेअर कधी कधी आठवडेच्या आठवडे आत वावरत असते आणि आपल्याला दिसते ती थेट शेवटची पातळी: सकाळी संगणक सुरू करावा, तर नेहमीच्या फायलींच्या जागी इंग्रजी चिठ्ठी, बिटकॉइन या डिजिटल चलनात पैसे पाठवण्याचा पत्ता (अक्षरे-अंकांची लांब ओळ) आणि पैसे भरण्याची मुदत.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील काही ग्रामपंचायती, पतसंस्था आणि दवाखाने यांच्या संगणकांची देखभाल मी बरीच वर्षे करतो आहे. ही मार्गदर्शिका तशाच कार्यालयांसाठी आहे, म्हणजे जिथे एक संगणक परिचालक आणि फोनवर सापडलाच तर एक बाहेरचा माणूस, एवढेच तांत्रिक मनुष्यबळ असते. मोठ्या महापालिकांनी आणि बँकांनी याहून बरेच काही करणे अपेक्षित आहे.

“आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय?” हा प्रश्न मला दर बैठकीत ऐकायला मिळतो. खंडणीखोराला तुमच्या नमुना ८ मध्ये (मिळकतींच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) किंवा ठेवीदारांच्या खतावणीत स्वतःला रस असण्याची गरज नसते. त्या तुम्हाला हव्या आहेत, एवढे त्याला पुरते. २०१८ च्या मार्चमध्ये हरियाणातील एका सरकारी वीज वितरण कंपनीची बिलांची माहिती अडवून एक कोटी रुपयांची मागणी बिटकॉइनमध्ये करण्यात आली. २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे कुपवाड, मिरज आणि पलूसच्या उद्योजकांची ज्याच्याशी नित्य गाठ पडते त्या कार्यालयाच्या, ऑनलाइन सेवा अशाच हल्ल्याने थांबल्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला केसपेपर हाताने लिहावे लागले. २०२४ च्या जुलैअखेर तर लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एकाच कंपनीला फटका बसला, तिला देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले, आणि देशभरातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडकले. सहकारावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यांनी यांतले शेवटचे उदाहरण नीट लक्षात घ्यावे, कारण तिथे त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली असण्याची गरज नव्हती.

आधी बॅकअप, मग बाकी सर्व

एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत दिवाळीच्या सुट्टीनंतर संगणक उघडले तेव्हा मी हजर होतो. बॅकअप रोज घेतला जात होता, त्याची नोंदही रजिस्टरमध्ये सहीनिशी होती. फक्त ज्या एक्सटर्नल हार्ड डिस्कवर तो घेतला जात होता ती वर्षभर सर्व्हरला जोडलेलीच होती, त्यामुळे मूळ फायलींबरोबर बॅकअपही कुलूपबंद झाला. पुरात घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेर पडण्यासारखा तो प्रकार होता. शेवटी छापील खतावण्या आणि पिग्मी एजंटांची पावतीपुस्तके यांवरून नोंदी पुन्हा बसवायला सात आठवडे लागले.

म्हणून पहिला नियम असा की बॅकअपची डिस्क काम झाल्याबरोबर काढून घ्यावी. किमान दोन डिस्क असाव्यात, त्या आलटून पालटून वापराव्यात, आणि जी वापरात नाही ती दुसऱ्या इमारतीत, शक्यतो पूररेषेच्या बाहेर, कुलपात ठेवावी. मूळ प्रत धरून एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसरीकडे, हे जगभर मानले जाणारे सूत्र लहान कार्यालयालाही झेपते. त्याचा खर्च बहुतेक वेळा वार्षिक सभेच्या चहापानापेक्षा कमी येतो.

दुसरा नियम जुन्या प्रतींचा आहे. आयर्लंडच्या आरोग्य सेवेवर १४ मे २०२१ रोजी जो हल्ला फुटला, त्यातील घातक एक्सेल फाइल एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर १८ मार्चलाच उघडली गेली होती. आठ आठवडे हल्लेखोर आत असेल, तर कालचा आणि गेल्या आठवड्याचा बॅकअपही भरवशाचा राहत नाही. त्यामुळे दर महिनाअखेरची एक प्रत वेगळी काढून किमान सहा महिने जपावी.

तिसरा नियम पाळणारे कार्यालय मला अजून क्वचितच भेटले आहे: तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावा. त्यातील कोणतीही दहा खाती किंवा दहा मिळकती निवडाव्यात, छापील नोंदीशी ताडून पाहाव्यात आणि किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फायली आपोआप जातात म्हणून निर्धास्त राहू नये, कारण संगणकावर फाइल बिघडली की बिघडलेली प्रतही तितक्याच तत्परतेने वर जाते. जुनी आवृत्ती परत मिळवण्याची सोय तिथे सुरू आहे का आणि ती किती दिवस मागे जाते, हे आधीच पाहावे. सातबारा किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदी शासनाच्या पोर्टलवर असतात हे खरे, पण ठरावांचे स्कॅन, टॅलीतील हिशेब, पाणीपट्टीच्या एक्सेल याद्या आणि मोजणीचे नकाशे तुमच्याच टेबलावरच्या संगणकात असतात आणि नेमके तेच कोणी जपत नाही.

दरवाजे कोणते उघडे आहेत

इथे फार सांगण्यासारखे नाही, कारण दरवाजे थोडेच आणि नेहमीचेच आहेत. दुरून संगणक चालवण्यासाठी उघडलेले रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असे ठेवू नये, आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्याला दिलेला एनीडेस्क या तशाच दुरून संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा कायमचा पासवर्ड आजच काढून टाकावा. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी २०२१ च्या मे महिन्यात ठप्प झाली ती दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) नसलेल्या, वापरातून गेलेल्या अशाच एका खात्यातून. चोरून मिळवलेली सॉफ्टवेअर वापरू नयेत. अद्ययावतीकरणे लांबणीवर टाकू नयेत: १२ मे २०१७ रोजी ब्रिटनच्या आरोग्य सेवेला ज्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने लोळवले आणि ज्यामुळे तिथल्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही पुढच्या अंदाजपत्रकात धरावे. हिशेबाचा सर्व्हर आणि अभ्यागतांचे वायफाय एकाच जाळ्यात ठेवू नयेत. एम्समध्ये जाळ्याची अशी विभागणी नीट झालेली नव्हती, हे सरकारनेच नंतर संसदेत सांगितले.

पहिला तास

चिठ्ठी दिसताच प्रथम लॅनची केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि शेजारचे संगणकही जाळ्यापासून तोडावेत. संगणक लगेच बंद करू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये, कारण त्याच्या मेमरीत तपासाला लागणारे दुवे असतात. केबल काढूनही फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील तर मात्र वीज तोडावी. घाबरून बॅकअपची डिस्क जोडून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि उरलेली प्रत त्यातच जाते, म्हणून डिस्क ज्याच्या ताब्यात आहे त्याला पहिला फोन करून ती आणू नकोस असेच सांगावे.

मोबाइलने पडद्याचे फोटो घ्यावेत. चिठ्ठीची फाइल, कुलूपबंद फायलींच्या नावामागे लागलेले नवे शेपूट, दिलेला बिटकॉइनचा पत्ता आणि वेळ हे सर्व वहीत हाताने लिहून काढावे. तो लांबलचक पत्ता एका अक्षरानेही चुकता कामा नये. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवून जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे, आणि ते निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. नागरी सहकारी बँकांनी रिझर्व्ह बँकेला वेगळे कळवावे. वरिष्ठ रजेवर आहेत म्हणून सोमवारपर्यंत थांबणे हा माझ्या अनुभवातला सर्वांत महागडा शिष्टाचार आहे.

बिटकॉइनचा प्रश्न आला की काय सांगावे

वर सांगितलेल्या पतसंस्थेत एका ज्येष्ठ संचालकांनी मला विचारले होते, “हा बिटकॉइन नावाचा व्हायरस आला कुठून?” त्यांना हसणे सोपे होते, पण हा गैरसमज सार्वत्रिक आहे आणि संचालक मंडळासमोर त्याचे नीट उत्तर देता आले पाहिजे. बिटकॉइन २००९ पासून चालते. फायली अडवून खंडणी मागणारा पहिला प्रसिद्ध प्रकार १९८९ चा आहे. एड्सविषयक माहितीच्या नावाखाली टपालाने फ्लॉपी पाठवल्या गेल्या आणि १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर मागवले गेले. रोग जुना आहे, हे यावरून दिसते. तथापि क्रिप्टोचलनाची, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांची, बाजू घेणारे इथेच थांबतात, ते बरोबर नाही. टपालपेटीवर पैसे मागवणारा पकडला गेला. कोणत्याही बँकेला न विचारता, सीमेपलीकडे, काही मिनिटांत आणि परत न फिरणारे पैसे घेण्याची सोय झाल्यावरच या किरकोळ गुन्ह्याचा धंदा झाला. चेनॅलिसिस या क्रिप्टो व्यवहारांचा माग काढणाऱ्या कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये अशा खंडण्यांची रक्कम १.१ अब्ज डॉलरवर गेली होती. क्रिप्टोची बदनामी उगाच झालेली नाही.

पण याच चलनाचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसणाऱ्या खातेवहीत कायमचा राहतो. नाव दिसत नाही, पत्ता दिसतो. वॉनाक्रायच्या तीन पत्त्यांवर जमा होणारे पैसे जगभरचे लोक घरबसल्या मोजत होते. कोलोनियल पाइपलाइनने भरलेल्या ७५ बिटकॉइनपैकी ६३.७ अमेरिकेच्या तपास यंत्रणेने महिनाभरात परत मिळवले, ते याच मागावरून. वहीत तो पत्ता अचूक उतरवायला सांगितले ते त्यासाठी.

आता पैसे भरावेत का? भारतात क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही: बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांत सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मार्च २०२३ पासून क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. पण ते कायदेशीर चलनही नाही, आणि सार्वजनिक पैशातून गुन्हेगाराला दिलेली रक्कम लेखापरीक्षकासमोर कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवणार, हा प्रश्न उरतोच. त्याहून वजनदार कारण आयर्लंडने दाखवले. तिथे हल्लेखोरांनी आठवडाभरात चावी फुकट दिली, तरीही जवळजवळ सर्व सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. संगणक स्वच्छ करणे, पुन्हा उभे करणे, तपासणे हे काम चावी मिळाली तरी चुकत नाही. “आम्ही हमखास फायली उघडून देतो” असे सांगत येणाऱ्या एजंटांपासूनही सावध राहावे. त्यांतले काही जण गुपचूप खंडणी भरून त्यावर आपले कमिशन लावतात.

कुलूपबंद फायली मात्र फेकू नयेत. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलीस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक प्रकारांच्या चाव्या विनामूल्य मिळतात, आणि टेस्लाक्रिप्ट या रॅन्समवेअरची मुख्य चावी तर त्याच्या कर्त्यांनीच २०१६ च्या मेमध्ये जाहीर केली. आज न उघडणारी फाइल दोन वर्षांनी उघडू शकते.

तोवर काम कागदावर चालवावे. त्यासाठी क्रमांक छापलेली पावतीपुस्तके, आवक-जावक रजिस्टर आणि कोरे अर्ज कपाटात तयार असावेत, आणि या काळातील पावत्यांना वेगळे अक्षर द्यावे, म्हणजे नंतर संगणकात भरताना नोंद दोनदा पडत नाही. दर्शनी फलकावर दिनांकासह सूचना लावावी: संगणक यंत्रणा बंद आहे, अर्ज लेखी स्वीकारले जात आहेत, ठेवीची मूळ पावती व पासबुक सोबत आणावे, आणि कार्यालयाच्या नावाने कोणी फोनवर ओटीपी मागितल्यास देऊ नये. हा शेवटचा भाग वगळू नये, कारण हल्ल्याची बातमी गावात फिरली की तिच्या आडून ठेवीदारांना फोन करणारे भामटे लगेच जागे होतात. या सूचनेचा मसुदा, दूरध्वनी क्रमांक आणि डिस्क कोणाकडे आहे याची नोंद आजच कागदावर छापून मुख्य टेबलाच्या काचेखाली ठेवावी. संगणकात जपून ठेवलेली ही यादी मी एकदा कुलूपबंद झालेली पाहिली आहे.