हेलिकॉप्टर सेफ्टीचं ऐच्छिक मानांकन घेताय? या चुका टाळा

‘डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचं परमिट आहे ना, मग हे ऐच्छिक मानांकन आणखी कशाला?’ पुण्यात हेलिकॉप्टर चालवणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. परमिट म्हणजे कायद्याने लागणारी किमान पातळी. आयएस-बाओ (बिझनेस विमानसेवेसाठीचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक) किंवा फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचं बार्स (हवाई धोके हाताळण्याचं मानक) यांची सक्ती नाही. त्यात बाहेरचा ऑडिटर येऊन तुमचं रोजचं काम तपासतो. बार्स मुळात खाणकामासारख्या क्षेत्रांसाठी निघालं, तिथल्या कंपन्या कंत्राट देण्याआधी त्याचा अहवाल पाहतात. आयएस-बाओचे तीन टप्पे आहेत: आधी व्यवस्था उभी आहे का, मग ती चालते का, शेवटी ती अंगवळणी पडली आहे का. पहिल्याच टप्प्यात गाडी अडते, आणि तेही बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उसनं मॅन्युअल. एका ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये समुद्रात उतरावं लागलं तर काय करायचं यावर पानंच्या पानं होती. शाळेच्या मैदानावर उतरताना उडणाऱ्या धुरळ्याबद्दल मात्र एक ओळ नाही! दोन ठिकाणी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. ऑडिटरला एवढं पुरतं. त्यापेक्षा गेल्या वर्षभरात आपण जिथे जिथे उतरलो त्या जागा लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे तिथला धोका मांडा. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथले नियम वेगळे. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ढग खाली उतरतात. सभेच्या मैदानाशेजारी उच्च दाबाच्या तारा असतात, मंडपाचं सैल कापड असतं, गर्दी असते. 2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी बावधनला जुहूकडे निघालेलं हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले. त्या वेळी परिसरात धुकं होतं. कारण ठरवणं तपास यंत्रणेचं काम, पण त्या भागातून उडणाऱ्याच्या यादीत ‘सकाळचं धुकं’ नसेल तर ती यादी कसली?

दुसरी चूक पाहिली की मला खरंच राग येतो: कोरं रजिस्टर. ‘आमच्याकडे वर्षभरात एकही हॅझर्ड रिपोर्ट, म्हणजे धोक्याची लेखी नोंद नाही,’ असं लोक अभिमानाने सांगतात. ऑडिटर त्याचा अर्थ उलटा लावतो, आणि बरोबरच लावतो. धोके नव्हते असं नाही, कुणी सांगितले नाहीत. हँगरमधल्या टेक्निशियनला वाटतं, लिहिलं तर साहेब बोलावून झापतील. यावर एकच उपाय चालताना पाहिला आहे. पहिला रिपोर्ट चीफ पायलटने स्वतःच्या चुकीचा लिहायचा आणि तो सगळ्यांना वाचू द्यायचा. नंतर ज्याने रिपोर्ट दिला त्याला आठवड्याच्या आत उत्तर. ‘नोंद घेतली’ हे उत्तर नव्हे. काय बदललं ते सांगा, आणि बदलणार नसेल तर का नाही तेही सांगा. रिपोर्ट फक्त पायलटांचेच येत असतील, तर इंधन भरणाऱ्यापर्यंत अजून काही पोहोचलेलं नाही असं समजा.

तिसरी गोष्ट ऑडिटरला कागदावर दिसत नाही, पण तो विचारतो: उड्डाण नको, हे कोण म्हणू शकतं? लग्नाचा मुहूर्त किंवा सभेची वेळ जवळ आली की ग्राहकाच्या पीएचा फोन थेट पायलटच्या मोबाइलवर येतो. ‘बघा ना काही होतंय का.’ हा फोन ऑपरेशन्स डेस्कवरच यायला हवा. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैशांचं काय, हे करारात आधीच लिहून ठेवा. किती दृश्यमानतेखाली निघायचं नाही, तो आकडाही लेखी हवा.

लहान कंपनीत सेफ्टी मॅनेजर आणि ऑपरेशन्सचा प्रमुख एकच माणूस असतो. निदान त्याला मालकापर्यंत थेट जाता यायला हवं. अकाउंटेबल मॅनेजर, म्हणजे सुरक्षेला शेवटी जबाबदार असलेला माणूस, म्हणून सही करणाऱ्याच्या हातात खर्चाचा अधिकार नसेल, तर ती सही शोभेची.

आपत्कालीन आराखडा बहुतेकांकडे असतो. फक्त एकदा तो रविवारी सकाळी सहा वाजता तपासून बघा. त्यातला प्रत्येक नंबर लावून बघा. आम्ही लावले तेव्हा एक नंबर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या गृहस्थांचा निघाला. ते बिचारे झोपेतून उठून म्हणाले, ‘काय झालं? मी येऊ का?’