ठाण्यातील जुने घर: डागडुजीआधी त्याची धाटणी कशी ओळखावी

चरई, खारकर आळी, उथळसर किंवा जुन्या नौपाड्यात एखादे कौलारू घर वारशाने हाती आले की घरात पहिली चर्चा बहुधा रंगाची आणि लाद्यांची होते. घर मुळात कोणत्या धाटणीचे आहे हा प्रश्न, निघालाच तर, अर्धा गिलावा उतरवून झाल्यावर निघतो. हा क्रम उलटा हवा, कारण धाटणी म्हणजे केवळ नक्षी नव्हे, तर घराचा भार कशावर आहे, भिंत कशात बांधली आहे आणि पाणी कुठून बाहेर पडते याचे उत्तर असते. आमच्या आजोळच्या घरात गवंड्याने चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला आणि लाकडी खांबांची बुडेही सिमेंटमध्ये बंदिस्त केली. भिंतीतली ओल आत कोंडली गेली, दोन पावसाळ्यांत गिलाव्याला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला, आणि जे सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते ते बुडाशी कुजले.

पाहणी दर्शनी भागापासून सुरू करू नये. घराचा चेहरा हा बहुतेक वेळा घराचा सर्वांत नवा भाग असतो. रस्ता रुंद झाला, भाऊ वेगळे झाले किंवा दुकानासाठी गाळा काढला की पहिला बदल तिथेच होतो. सुरुवात माळ्यावरून, दिवसाउजेडी आणि हातात विजेरी घेऊन करावी. आढे, तुळया आणि वासे गोल व हाताने तासलेले आहेत की करवतीने सरळ कापलेले, खिळे चौकोनी घडीव आहेत की तारेचे, हे आधी पाहावे. तुळईवर जोडासाठी पाडलेली पण आता रिकामी असलेली भोके दिसली, तर ते लाकूड दुसऱ्या एखाद्या घरातून आले आहे हे ओळखावे आणि त्यावरून या घराचे वय ठरवू नये.

कौलाच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. अर्धगोल नळीचे कौल जुन्या देशी पद्धतीचे, तर चपटे, खाचांचे मंगळुरी कौल कारखान्यातले असते. मंगळुरी कौल उलटे करून पाहिले की मागच्या बाजूला कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत सापडते. त्यावर ‘बासेल मिशन’ (मंगळुरात कौलांचा कारखाना काढणारी मिशनरी संस्था) आणि १८६५ असे दिसले की घरमालकाची छाती फुगते, पण ते साल त्या कारखान्याच्या स्थापनेचे आहे, घराचे नव्हे, आणि तेच साल पुढे कितीतरी वर्षे कौलांवर छापले जात होते. पहिल्या महायुद्धानंतर हा व्यवसाय कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. त्यामुळे ‘कॉमनवेल्थ’ असा छाप असलेले कौल तरी निश्चितपणे त्यानंतरचे धरता येते. अर्थात छप्पर शाकारताना कौले बदलतात, म्हणून एक कौल पाहून निकाल देऊ नये. निरनिराळ्या ठिकाणची दहा-बारा कौले पाहावीत.

मग भिंतीकडे यावे. कपाटामागे किंवा जिन्याखाली, जिथे कुणाचे लक्ष जात नाही अशा जागी वीतभर गिलावा हलक्या हाताने काढून विटांमधला सांधा खिळ्याने खरवडावा. पांढरट भुकटी सुटली आणि तिच्यात शिंपल्याचे तुकडे दिसले, तर तो खाडीकाठचा शिंपल्यांचा चुना होय. राखाडी, टणक आणि खिळ्याला दाद न देणारा सांधा सिमेंटचा. एकाच घरात दोन्ही सापडणे अगदी सामान्य आहे, आणि जिथे एक संपून दुसरा सुरू होतो ती रेघ म्हणजेच वाढीव बांधकामाची सीमा असते. छतात लोखंडी गर्डर असतील तर त्यांच्यावरचा कंपनीचा छापही टिपून घ्यावा.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगायचे तर शहाबादी फरशी आणि रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या यांत फरक करावा. त्या लाद्या बनवणाऱ्या भारत टाइल्सची सुरुवात १९२२ सालची आहे. देवघराचा कोपरा सहसा कुणी उकरत नाही, त्यामुळे मूळची जमीन तिथे शोधावी.

एवढे झाल्यावर घराचा नकाशा हाताने काढावा, कारण धाटणी सर्वांत स्पष्टपणे तिथेच वाचता येते. मध्ये चौक आणि त्याभोवती सोपे (चौकाकडे उघड्या ओसऱ्या), सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, महिरपी आणि वर कडीपाट (लाकडी कड्या व फळ्यांचे छत) असेल तर वाड्याची परंपरा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू एकामागे एक असतील तर कोकणी घर. मधल्या दिवाणखान्याला तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, उंच छत आणि वर झरोके असतील तर वसाहतकालीन बंगला. लांब गॅलरीवर ओळीने खोल्या असतील तर चाळ. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर सलग छज्जे आणि उगवत्या सूर्याची ग्रिल दिसली तर ती आर्ट डेको ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली शैली, आणि तिथे कौलापेक्षा काँक्रीटमधल्या गंजलेल्या सळयांची काळजी आधी करावी. बाल्कनी दिसली की घराला ‘पोर्तुगीज’ म्हणण्याची ठाण्यात फार हौस आहे. परंतु मराठ्यांनी ठाणे १७३७ सालीच घेतले, त्यामुळे भक्कम पुराव्याशिवाय हे विशेषण लावू नये.

आधी धाटणी ओळखण्याचा हाच नियम नवी मुंबईत वेगळ्या रूपात लागू होतो. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात रचली. तिथे सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती आहेत आणि शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, जेणेकरून प्रत्येकाला आपले घर हवे तसे वाढवता यावे. अशा घराची धाटणी खांबांत किंवा नक्षीत शोधून सापडणार नाही. ती अंगणाशी असलेल्या नात्यात आहे, आणि अंगणाकडची बाजू बंद करून टाकणारी दुरुस्ती, घर कितीही देखणे झाले तरी, तेवढीच गोष्ट नष्ट करते.

कागदांत मिळकत पत्रिका आणि महापालिकेचा जुना कर आकारणी उतारा पाहावा. गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीच्या काळातील नोंदीही शोधाव्यात. पण नोंदीचे साल हे पुष्कळदा मोजणीचे किंवा वारसनोंदीचे साल असते, म्हणून ते भिंतीत सापडलेल्या खुणांशी ताडून पाहावे. घर वारसा यादीत आहे का, याची चौकशी याच टप्प्यावर महापालिकेच्या शहर विकास विभागात करावी. शेवटी नकाशावर प्रत्येक थर वेगळ्या रंगाने दाखवावा, उतरवलेले एक कौल, एक लादी आणि गिलाव्याचा एक तुकडा पिशवीत घालून त्यावर जागा लिहून ठेवावी, आणि तो नकाशा व ती पिशवी समोर ठेवूनच ठेकेदाराकडून दरपत्रक मागवावे.