मासिकातलं लागवडीचं वेळापत्रक वाचताना

घरच्या भाज्या-फळांसाठी मासिक घेताना आधी ते कुठल्या हवामानासाठी लिहिलंय ते बघा. ‘मार्चमध्ये टोमॅटो पेरा’ हा सल्ला उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात बरोबर असेल, पण दक्षिण गोलार्धात तेव्हा थंडीची चाहूल लागलेली असते. म्हणून महिन्यापेक्षा त्यामागचं तापमान शोधा. टोमॅटोची फळधारणा रात्री साधारण १३ ते २१ अंश सेल्सिअसला चांगली होते. दिवसा पारा सतत ३५च्या वर गेला की फुलं गळतात, मग खत कितीही घाला. भेंडीचं बी गार मातीत कुजतं, वाटाण्याला मात्र थंड हवाच मानवते.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती वाचकांच्या प्रश्नांची पानं. तिथेच मासिकाची पारख होते. ‘पानं पिवळी पडतायत’ या तक्रारीवर चांगला जाणकार आधी विचारेल, खालची जुनी पानं की शेंड्याची कोवळी? जुनी असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. कोवळी पिवळी, पण शिरा हिरव्याच असतील, तर लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. थेट औषधाचं नाव सांगणारं मासिक खुशाल बाजूला ठेवा.

जुने अंक छाटणी, कलमं यांसाठी जपून ठेवावेत. कीटकनाशकांचा सल्ला मात्र त्यातून अजिबात घेऊ नका. एंडोसल्फानसारखं एकेकाळी सर्रास वापरलं जाणारं औषध २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) बंदीच्या यादीत गेलं.

आणि हो, टोमॅटो-मिरचीच्या वाणापुढे छापलेले, फळं हाती येईपर्यंतचे ‘७० दिवस’ सहसा रोप लावल्यापासून मोजतात, बी पेरल्यापासून नव्हे.