गोष्टीत राजकारण आणायचं, पण भाषण होऊ द्यायचं नाही, ते कसं?

माझ्या पहिल्या कथेत एक मास्तर पारावर उभा राहून कापसाच्या भावावर दीड पान बोलतो. आत्याने वाचली आणि म्हणाली, तो बोलायला लागला तिथून मी पानं उलटली रे, पुढे पोरीच्या लग्नाचं काय झालं ते सांग. मास्तर काढला, आणि तेव्हापासून असं करतो.

आधी मत बाजूला ठेवा आणि वस्तू शोधा. शेतकऱ्यावर अन्याय होतो हे मत, ते सगळ्यांना माहितीये. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरचं कापसातला ओलावा मोजायचं मशीन ही वस्तू. ८ टक्क्यांच्या वर गेलं की पैसे कापतात, १२ च्या वर गेलं की माल परत. आता पारोळ्याकडचा एक माणूस ट्रॅक्टर घेऊन रात्रभर रांगेत आहे, डिसेंबरचं दव पडतंय, ताडपत्री फाटकी, आणि सकाळी मशीन १३ दाखवतं. "आते घर लई जाऊ का?" एवढंच तो बोलतो. गेटबाहेर खाजगी व्यापारी चहा पीत उभा असतोच. बस, सरकार आलं, बाजार आला, कुणाला शिवी द्यावी लागली नाही.

मग आपल्याच माणसाला थोडं अडकवा, हे जड जातं पण करा. वजनासाठी कापसावर पाणी मारणारे आपल्याकडे आहेत की नाही? यानेही निघताना दोन बादल्या मारल्या असतील तर? आणि ग्रेडरला, म्हणजे केंद्रावर माल तपासणाऱ्याला, व्हिलन करू नका, त्याला पटेल असं वाक्य द्या, ओला माल घेतला तर उद्या नोटीस मला येते.

बोली जपून वापरा. अहिराणी फक्त गरिबाच्या तोंडी आणि साहेब सगळे पुस्तकी मराठीत, असं केलं की नकळत तुम्ही एक बाजू घेतलीच. सभापतीही घरी अहिराणीच बोलतो ना. रावेर-यावलचं पात्र असेल तर तिथे लेवा बोली.

जुना काळ घ्यायचा तर मोठ्या माणसाच्या मागे लागू नका. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यात नेहरूंना बोलायला लावण्यापेक्षा बैलगाडी घेऊन बघायला गेलेला सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, घ्या, मालकाला न विचारता गेलेला.

पक्षाचं नाव शक्यतो नकोच, पाच वर्षांत त्यातला माणूसच पक्ष बदलतो.

शेवटी विरुद्ध मताच्या कुणाला तरी वाचायला द्या. माझ्याकडे मेव्हणा आहे, दर निवडणुकीला आमचं वाजतं. त्याने सरळ ग्रेडरची बाजू घेतली आणि वर मलाच विचारतो, बादल्या नक्की दोनच होत्या का?